माजी सरपंच, माजी आमदार, माजी मंत्री : पत्रावर नाव, पद आणि मायना कसा लिहावा

शाळेचा अमृतमहोत्सव असतो, देवळाचा जीर्णोद्धार असतो, मच्छीमार सोसायटीची वार्षिक सभा असते. कधी धूपप्रतिबंधक, म्हणजे किनाऱ्याची झीज रोखणाऱ्या, बंधाऱ्याच्या जुन्या ठरावाची माहिती हवी असते. कोकणात गावकीच्या नाहीतर संस्थेच्या कामासाठी माजी लोकप्रतिनिधीला पत्र लिहायची वेळ वरचेवर येते आणि पहिल्याच ओळीवर हात थांबतो. ‘मा. आमदार’ असं लिहिलं तर ते माननीय आमदार की माजी आमदार? दोन्ही अर्थ लागतात. विद्यमान आमदारांच्या कार्यालयात ते पत्र एका अर्थाने वाचलं जातं, माजी आमदारांच्या घरी दुसऱ्या.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा नियम आधीच सांगतो. ‘मा.’ हे संक्षिप्त रूप फक्त ‘माननीय’साठी वापरा. ‘माजी’ हा शब्द नेहमी पूर्ण लिहा. माननीय नावाआधी येतं, माजी पदाआधी येतं. मान माणसाचा असतो, तो पद गेल्यावरही राहतो. पद मात्र खुर्चीचं असतं आणि त्या खुर्चीवर आता दुसरं कोणीतरी आहे, निदान ती रिकामी तरी आहे. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

काय गळतं, काय राहतं

नावामागे लागणाऱ्या उपाध्यांचे दोन प्रकार आहेत. पदामुळे आलेल्या उपाध्या पदाबरोबर जातात. ‘ना.’ म्हणजे नामदार हे मंत्र्यांच्या नावामागे लागतं, ‘आ.’ आमदारांच्या, ‘खा.’ खासदारांच्या. मंत्रिपद गेलं की ‘ना.’ गेलं. ती व्यक्ती अजून आमदार असेल तर ‘आ.’ लावता येतं, आमदारकीही नसेल तर नुसतं ‘मा. श्री.’ किंवा ‘मा. श्रीमती’. जुन्या निमंत्रणपत्रिकेवरून मजकूर उचलला की ‘मा. ना.’ तसंच छापून येतं. पत्रिकांमधली ही सर्रास होणारी चूक आहे, त्यामुळे मजकूर छापखान्यात देण्याआधी नावामागची प्रत्येक उपाधी एकेक करून तपासा.

शिक्षणाने किंवा व्यवसायाने आलेल्या उपाध्या राहतात: डॉ., ॲड., बॅ., प्रा., कॅप्टन. राजापूर मतदारसंघाचे खासदार नाथ पै कायम बॅरिस्टरच राहिले, त्यांच्यानंतर १९७१पासून सलग पाच वेळा तिथून निवडून आलेले मधु दंडवते प्राध्यापकच राहिले. रायगडचे अ. र. अंतुले १९८० ते १९८२ मुख्यमंत्री होते. ते पद सुटलं तरी ‘बॅ.’ सुटलं नाही. अशी उपाधी असेल तेव्हा ‘श्री.’ गाळा. ‘मा. श्री. डॉ. ॲड.’ अशी माळ लावू नका, ‘मा. डॉ.’ पुरेसं आहे.

पद्मश्री, पद्मभूषण हे नावामागे लावायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे की हे राष्ट्रीय सन्मान म्हणजे किताब नव्हेत आणि ते नावाच्या मागेपुढे जोडता येत नाहीत. परिचयाच्या मजकुरात ‘पद्मश्रीने सन्मानित’ असं वाक्यात लिहिता येतं. ‘महामहिम’ हा शब्दही आता नको. राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या काळात, २०१२ मध्ये, त्याऐवजी ‘माननीय’ वापरायचं ठरलं. माजी राष्ट्रपती असोत की माजी सरपंच, मराठी पत्रात दोघांच्याही नावामागे ‘मा.’च शोभतं.

पायरी १ : माणूस खरोखर माजी आहे का, आणि नेमका कशाचा?

ही पायरी वगळली की पुढचं सगळं बिघडतं. ग्रामपंचायतीसाठी सोपी जागा म्हणजे कार्यालयातला फलक. सरपंचांच्या खुर्चीमागे किंवा दाराशेजारी लाकडी पाटीवर आजवरच्या सरपंचांची नावं आणि ‘पासून – पर्यंत’ तारखा रंगवलेल्या असतात. तिथून तीन गोष्टी टिपून घ्या: नावाचं लेखन, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि कार्यकाळ. फलकावर प्रभारी सरपंचांची नावंही कधी कधी येतात. उपसरपंचाने काही महिने कारभार पाहिला असेल तर पत्रात ‘माजी उपसरपंच’ हेच बरोबर.

मुदत संपली पण निवडणूक झाली नाही, तेव्हा गोंधळ होतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. नवे सदस्य निवडून आले नाहीत म्हणून जुने सदस्य पदावर राहिले, असं होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-ङ नुसार पंचायतीची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. त्यामुळे मुदत संपल्याच्या दिवसापासून ते सदस्य माजी. मुख्यमंत्री आणि मंत्र्यांचं वेगळं असतं. राजीनामा दिल्यावरही राज्यपालांनी सांगितलं तर ते नव्या मंत्रिमंडळापर्यंत काळजीवाहू म्हणून काम पाहतात. त्या दिवसांत ‘माजी मुख्यमंत्री’ लिहिणं चूक.

निकाल लागला पण नवा माणूस पदावर बसला नाही, अशा मधल्या काळात ‘मावळते’ हा शब्द बातमीत ठीक आहे. पत्राच्या पत्त्यात तो वापरू नका, तोवर ते विद्यमानच असतात. ‘निवृत्त आमदार’ असंही लिहू नका. विधान परिषदेचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात असं म्हणायची रीत आहे, पण पत्रावर ते ‘माजी सदस्य, विधान परिषद’ असतात.

अविश्वास ठराव मंजूर होऊन पद गेलेलं असलं तरी पत्रावर फक्त ‘माजी सरपंच’. कारणाचा उल्लेख कुठेही नको. एकच अपवाद लक्षात ठेवा. राखीव जागेवर निवडून येऊन जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत न दिल्यामुळे किंवा दावा अवैध ठरल्यामुळे निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द झाली असेल, तर ‘माजी’ या शब्दावरच वाद होऊ शकतो. तिथे पदाची ओळ गाळावी आणि नुसत्या नावाने पत्र पाठवावं. त्यात कोणाचा अवमान होत नाही आणि संस्थेच्या दप्तरात वादग्रस्त कागद राहत नाही.

पायरी २ : नावाची ओळ

पूर्ण नाव लिहा: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. कोकणात एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं असतात आणि एकाच नावाचे तिघे असतात. वडिलांचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र चुलत्याच्या घरात टाकून जातो. माणूस सगळीकडे भाई, दादा, अण्णा, बाबा, आप्पा, तात्या याच नावाने ओळखला जात असेल तर ते शेवटी कंसात द्या: ‘मा. श्री. अ. ब. क. (भाई)’. नुसतं ‘मा. भाईसाहेब’ असं पाकिटावर लिहू नका. ‘साहेब’ आणि ‘जी’ बोलण्यात ठीक, पत्त्याच्या ओळीत नकोत.

‘मा.’ आणि ‘सन्माननीय’ एकत्र नकोत, एक पुरे. साध्या पत्रात ‘मा.’, निमंत्रणात ‘सन्माननीय’.

बायकांच्या नावाबाबत जास्त जपायला हवं. सरकारी पत्रव्यवहारात सगळ्याच स्त्रियांसाठी ‘श्रीमती’ चालतं. गावात मात्र बरेच जण अजूनही ‘श्रीमती’ म्हणजे पती हयात नाही असं समजतात, तर पती गेलेल्या बाईला ‘सौ.’ लिहिलं की जखमेवर बोट ठेवल्यासारखं होतं. व्यवहार्य मार्ग असा: त्या स्वतः सही करताना किंवा लेटरहेडवर जे लिहितात ते वापरा. ठाऊक नसेल तर ‘मा. श्रीमती’ लिहा, किंवा ‘मा.’नंतर सरळ नाव. ‘गं. भा.’ कोणत्याही औपचारिक पत्रात नको.

आणि पत्र त्यांच्याच नावाने जाऊ द्या. महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यामुळे गावोगावी माजी सरपंच, माजी सभापती बायका आहेत. तरी निमंत्रण त्यांच्या यजमानांच्या नावाने जातं आणि खाली ‘व सौ.’ असतं. ज्यांच्या सहीने पाच वर्षं ग्रामपंचायत चालली त्यांच्या नावाचं वेगळं पाकीट काढा. पदनामं सरळ ठेवा. माजी सरपंच, माजी सभापती, माजी आमदार, माजी खासदार ही रूपं दोघांनाही तीच. ‘नगरसेविका’ रूढ आहे. ‘नगराध्यक्षा’, ‘अध्यक्षा’ लिहिलं तरी चालतं, पण कायद्यातलं पदनाम ‘अध्यक्ष’च आहे.

किनाऱ्यावर मुसलमान आणि ख्रिस्ती माजी सरपंच, नगरसेवक बरेच आहेत. मराठी पत्रात त्यांनाही ‘मा. श्री.’च. उर्दू किंवा दोन्ही भाषांतल्या पत्रिकेत ‘जनाब’ छापलं जातं. ते त्या पत्रिकेच्या रिवाजाप्रमाणे असू द्या, पण एकाच यादीत अर्ध्यांना श्री. आणि अर्ध्यांना जनाब असं करू नका.

पायरी ३ : पदाची ओळ

इथे नेमकेपणा हवा. ‘माजी सभापती’ एवढंच लिहिलं तर ते पंचायत समितीचे, जिल्हा परिषदेच्या शिक्षण किंवा बांधकाम समितीचे, बाजार समितीचे, नाहीतर थेट विधान परिषदेचे असू शकतात. ‘माजी अध्यक्ष’ म्हटलं तरी तोच घोळ. पद आणि संस्था दोन्ही लिहा:

माजी सरपंच, ग्रामपंचायत (गाव)
माजी सभापती, पंचायत समिती गुहागर
माजी शिक्षण सभापती, जिल्हा परिषद रत्नागिरी
माजी नगराध्यक्ष, मालवण नगर परिषद
माजी नगरसेवक, चिपळूण नगर परिषद
माजी विधानसभा सदस्य, दापोली मतदारसंघ
माजी विधान परिषद सदस्य, कोकण विभाग पदवीधर मतदारसंघ
माजी खासदार (राज्यसभा)

‘महापौर’ हे पद फक्त महानगरपालिकेत असतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात महानगरपालिका नाही, रायगडात पनवेल २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. त्यामुळे पनवेल नगर परिषदेच्या काळातले अध्यक्ष ‘माजी नगराध्यक्ष, पनवेल नगर परिषद’ असेच लिहायचे, ‘माजी महापौर’ नव्हे.

यातूनच पुढचा नियम निघतो: संस्थेचं आणि मतदारसंघाचं नाव त्या काळचं लिहा. कुडाळ आता नगर पंचायत आहे, पण तिथले जुने सरपंच ‘माजी सरपंच, ग्रामपंचायत कुडाळ’ असेच राहतात. २००८च्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघ गेला आणि २००९पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला. विधानसभेचे खेड, संगमेश्वर, मालवण हे मतदारसंघही तेव्हाच गेले. खेडमधून निवडून आलेल्या माणसाला ‘माजी आमदार, दापोली’ लिहिणं खोटं आहे. जिल्ह्यांचंही तसंच. रायगडचं नाव १९८१पर्यंत कुलाबा होतं आणि सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधी रत्नागिरी जिल्हा परिषदेवर निवडून गेलेले सावंतवाडीचे सदस्य ‘माजी सदस्य, जिल्हा परिषद रत्नागिरी’. घराचा पत्ता मात्र आजचा, म्हणजे जि. सिंधुदुर्ग.

एका माणसाकडे अनेक पदं होऊन गेली असतील तर सगळी लिहू नका. सर्वोच्च पद एक, आणि पत्राच्या विषयाशी जुळणारं दुसरं, एवढं पुरे. रायगडातल्या नांदवीचे कै. मनोहर जोशी मुंबईचे महापौर, १९९५ ते १९९९ मुख्यमंत्री आणि २००२ ते २००४ लोकसभा अध्यक्ष होते. अशा नावापुढे ‘माजी लोकसभा अध्यक्ष व माजी मुख्यमंत्री’ हे योग्य. महापौरपद मुंबई महापालिकेच्या समारंभातच लिहावं.

‘माजी’ हा शब्द प्रत्येक पदाआधी पुन्हा लिहा. ‘माजी सरपंच व पंचायत समिती सदस्य’ असं लिहिलं तर सदस्यत्व चालू आहे की गेलं, ते कळत नाही. आज एखादं पद असेल तर ते आधी लिहा: ‘सदस्य, पंचायत समिती देवगड व माजी सरपंच, ग्रामपंचायत (गाव)’. आमदारकी चालू आहे, मंत्रिपद गेलं आहे, तर ‘आमदार व माजी मंत्री, महाराष्ट्र राज्य’.

सहकारी सोसायटीचे माजी चेअरमन निवडून आलेले असले तरी ते शासनाचं पद नव्हे, त्याची ओळ संस्थेच्या पत्रव्यवहारातच शोभते. पक्षाचं ‘तालुकाप्रमुख’ वगैरे शाळेच्या पत्रात नकोच. पोलीस पाटील नेमलेले असतात, निवडलेले नाहीत. खोत, गावकर, मानकरी हे गावऱ्हाटीतले, म्हणजे गावाच्या परंपरागत रीतीतले मान आहेत. ते देवळाच्या पत्रिकेत आपल्या जागी असतात, ‘माजी’च्या यादीत मिसळायचे नाहीत.

पायरी ४ : पत्ता

माजी लोकप्रतिनिधीला पत्र नेहमी घरच्या पत्त्यावर जातं, कार्यालयाच्या नाही. पाकिटावर ‘पंचायत समिती कार्यालय’ लिहिलं की ते टपाल आवक नोंदवहीत चढतं, शिक्का बसतो, क्रमांक पडतो आणि विद्यमान पदाधिकाऱ्यांच्या किंवा प्रशासकांच्या टेबलावर जातं. तिथून ते घरी पोचवायची जबाबदारी कोणाचीच नसते. खासगी मजकूर असेल तर तोही फुटतो.

कोकणात मुक्काम आणि पोस्ट बहुतेक वेळा वेगळे असतात. ‘मु.’नंतर वाडीसकट गाव, ‘पो.’नंतर टपाल कार्यालयाचं गाव, मग तालुका, जिल्हा, पिन. तालुका गाळला तर सारख्या नावांची गावं घात करतात. मुरूड म्हटलं की एक रायगडातलं मुरूड-जंजिरा, दुसरं दापोली तालुक्यातलं. पिनवरून जिल्हा ओळखायला जाऊ नका: लांजा (४१६ ७०१) आणि राजापूर (४१६ ७०२) रत्नागिरी जिल्ह्यात असूनही त्यांचे पिन सिंधुदुर्गासारखे ४१६ने सुरू होतात, तर चिपळूण ४१५ ६०५ आणि दापोली ४१५ ७१२.

माजी सदस्य मुलांकडे मुंबईत राहायला गेलेले असतील तर पावसाळ्यात गावच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र गणपतीपर्यंत ओटीवरच पडून राहतं. एक फोन करून सध्याचा मुक्काम विचारून घ्या. पोच हवी असेल तर स्पीड पोस्टने पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं आहे.

पायरी ५ : मायना, मजकूर, शेवट

‘प्रति,’ने सुरुवात करा. मायना ‘महोदय,’ किंवा ‘महोदया,’. खाली ‘स. न. वि. वि.’. वयाने खूप मोठ्या, घरोब्याच्या माणसाला ‘सा. न. वि. वि.’ चालतं. मायन्यात जुनं पद घालू नका, ‘आदरणीय आमदारसाहेब’ नको. समोरासमोर गाव त्यांना आयुष्यभर सरपंच म्हणेल, ते बोलण्यातलं प्रेम आहे. कागदावर ते आले की दप्तरात चूक नोंद होते.

मजकुरात ‘आपण’, ‘आपणांस’, ‘आपल्या कार्यकाळात’. त्यांच्या काळातल्या घटनेबद्दल लिहिताना ‘तत्कालीन’ वापरा. ‘२०१४ साली माजी सरपंचांनी ठराव मांडला’ हे बरोबर नाही, मांडला तेव्हा ते सरपंचच होते. ‘तत्कालीन सरपंच श्री. अ. ब. क. यांनी ठराव मांडला’ हे बरोबर. माणूस पुन्हा निवडून आला तरी हे वाक्य बदलावं लागत नाही. जुनी प्रकरणं कोर्टात किंवा चौकशीत जातात तेव्हा या एका शब्दाने बरीच डोकेदुखी वाचते.

मागणी त्यांच्या हातातली असावी. माजी आमदार आमदार निधीतून काम मंजूर करू शकत नाहीत, माजी सरपंच दाखला देऊ शकत नाहीत. निधीचा अर्ज विद्यमान आमदारांना लिहा आणि माजी आमदारांना वेगळं पत्र लिहून पाठपुराव्याची विनंती करा. अर्जाच्या तळाशी ‘प्रत : माहितीसाठी’ म्हणून त्यांचं नाव टाकण्याआधी त्यांना विचारा. दोन विरोधी पक्षांतल्या माणसांची नावं एका कागदावर आली की अर्ज रखडतो. माहिती, जुनी छायाचित्रं, आठवणी, मार्गदर्शन, उपस्थिती हे सगळं त्यांच्याकडे मागता येतं.

शेवटी ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’, सही, पूर्ण नाव, संस्थेतलं पद, फोन.

एक पूर्ण नमुना:

दिनांक : ____
प्रति,
मा. श्रीमती अ. ब. क.
माजी सरपंच, ग्रामपंचायत (गाव)
मु. (वाडी, गाव), पो. ____, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग – ४१६ ६१३

विषय : धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या ठरावाबाबत माहिती मिळणेबाबत

महोदया,
स. न. वि. वि.

आपल्या गावच्या किनाऱ्यावरील बंधाऱ्याच्या दुरुस्तीसाठी आमची मच्छीमार सोसायटी पतन विभागाकडे प्रस्ताव देत आहे. आपल्या कार्यकाळात ग्रामसभेने या बंधाऱ्याबाबत ठराव केल्याचे समजते. त्या ठरावाचे साधारण वर्ष व त्या वेळी झालेल्या पाहणीविषयी आपणांस आठवत असल्यास कृपया कळवावे. आपल्या सोयीच्या दिवशी आमचे दोन सदस्य आपल्याकडे येतील. ठरावाची अधिकृत नक्कल आम्ही ग्रामपंचायतीकडून स्वतंत्रपणे मागत आहोत.

कळावे,
आपला विश्वासू,
(सही)
(नाव), सचिव

शेवटच्या दोन वाक्यांनी बरंच काम होतं. त्यांना कार्यालयात फेरी मारायला लावत नाही, आणि सरकारी कागद त्यांच्या घरात असतील असं गृहीतही धरत नाही. ठरावांचं प्रोसिडिंग बुक ग्रामपंचायतीच्या दप्तरातच असतं, असायला हवं.

निमंत्रणपत्रिका

पत्रिकेत नावांचा क्रम हा सगळ्यात नाजूक भाग आहे. सरकारी कार्यक्रम असेल तर आधी विद्यमान, मग माजी, आणि क्रम राजशिष्टाचाराप्रमाणे. क्रम लावण्याआधी तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या. राष्ट्रपती सचिवालयाच्या २६ जुलै १९७९च्या मानक्रमात माजी राष्ट्रपती पाचव्या आणि माजी पंतप्रधान सातव्या क्रमांकावर आहेत. माजी आमदार, माजी सरपंच यांना तिथे स्थान नाही, त्यामुळे त्यांचा आपसातला क्रम यजमानालाच ठरवावा लागतो.

खासगी किंवा संस्थेच्या कार्यक्रमात माजींमध्ये आधी पदाची पातळी, समान पद असेल तर कार्यकाळ जुना तो आधी. सलग तीन माजी सरपंच असतील तर आडनावांच्या अकारविल्ह्यापेक्षा कार्यकाळाचा क्रम बरा, त्यावर भांडण होत नाही. पाचसहापेक्षा जास्त नावं असतील तर ‘सर्व माजी सरपंच’ अशी एकच ओळ छापा आणि प्रत्येकाला नावाचं स्वतंत्र पाकीट द्या. यादीतून एक नाव राहिलं तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

पत्रिकेवर, सन्मानपत्रावर किंवा पाकिटावर चार सिंहांची राजमुद्रा कधीही छापू नका, पाहुणे माजी मंत्री असले तरी. २००५च्या कायद्याने ती वापरायला बंदी आहे, त्यात माजी पदाधिकारीही येतात, आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. छापखानेवाला संगणकातला जुना साचा काढतो आणि मुद्रा कोपऱ्यात येऊन बसते. मुद्रितशोधनात तो कोपरा मुद्दाम पाहा.

माणूस हयात नसेल तर

‘माजी’ हा शब्द हयात माणसासाठी आहे असा एक समज आहे, तो बरोबर नाही. ‘कै. अ. ब. क., माजी सरपंच’ असं लिहायची रीत आहे. ‘कै.’ लावलं की ‘मा.’ आणि ‘श्री.’ दोन्ही निघतात. मुसलमान माणसासाठी ‘मरहूम’, बौद्ध कुटुंबात ‘कालकथित’, ख्रिस्ती किंवा खात्री नसेल तिथे ‘दिवंगत’. हा शेवटचा शब्द सगळीकडे चालतो, त्यामुळे मिश्र यादीत सगळ्यांना तोच लावावा.

पत्र कुटुंबाला लिहायचं असेल तर ते पत्नीच्या, पतीच्या किंवा थोरल्या अपत्याच्या नावाने. गेलेल्या माणसाचं पद पत्त्यात येत नाही, मजकुरात येतं: ‘आपले वडील, आमच्या गावचे माजी सरपंच कै. अ. ब. क. यांनी शाळेला दिलेल्या जागेत...’. आणि यादी हाताने लिहिलेली असो की संगणकातली, नाव हयातीच्या रकान्यात राहून त्या घरी त्यांच्याच नावाने निमंत्रण जाणार नाही, हे पत्रिका वाटायला बाहेर पडण्याआधी वाडीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला यादी वाचून दाखवून पक्कं करा.